उथळ तलावातले मासे मोजायचे तर जाळं कुठलं?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यात जीवशास्त्र शिकवते. आमच्या गावाला लागून एक जुना तलाव आहे. पावसाळा सरताना भिंतीपाशी दोन पुरुष पाणी असतं, पण निम्म्याहून जास्त तलाव कंबरभर ते छातीभर. वरच्या अंगाला ओढा मिळतो तिथे पाणकणीस आणि बेशरम माजलेली. मधल्या भागात पाण्याखाली हायड्रिला या पाणवनस्पतीचा दाट थर. दक्षिणेला उघडा मुरमाड काठ आहे, तिथे जनावरं पाण्यावर येतात. एका कोपऱ्यात बुडून वाळलेल्या बाभळी अजून उभ्या आहेत.

या तलावातल्या माशांची नोंद मला दरवर्षी, एकाच पद्धतीने ठेवायची आहे. आमच्या भागात आता उपशाचं पाणी येऊ लागलंय. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी नेर तलावात येतं, पुढे येरळा नदीत उतरतं आणि बोगद्यातून माणमध्ये आंधळीच्या धरणाकडे जातं. तिकडे सांगली जिल्ह्यात टेंभू आणि म्हैसाळचं पाणी आटपाडी-जतच्या तलावांत पोचतं. जे तलाव इतकी वर्षं आपापल्या ओढ्यावर जगले त्यांच्यात आता कृष्णा आली आहे. शेतीला हे मोठंच आहे. पण पाण्याबरोबर आणखी काय आलं, आमचे बोटाएवढे देशी मासे टिकतात की चिलापी त्यांची जागा घेते, हे पुढे कधी सांगायचं असेल तर आजची यादी हातात हवी.

अडलंय जाळ्यापाशी. वाचायला घेतलं की प्रत्येक ठिकाणी वेगळं. कुणी कल्ल्यात अडकवणारं टांगतं जाळं म्हणतं, कुणी काठावरून ओढायचं जाळं, कुणी नरसाळ्यासारख्या तोंडाचा सापळा. आमच्याकडे हाताशी आहे तो पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. खर्च एकाच जाळ्याचा झेपेल असं धरून चाललेय. तर कुठलं घ्यावं? ज्यांनी प्रत्यक्ष पाण्यात उतरून काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

माणकाठचा भोई

मॅडम, आमची तिसरी पिढी याच धंद्यात आहे, म्हणून लिहितो. जाळं माशाला बघून ठरतं आणि तळाला बघून ठरतं.

पाग घ्याल तर तळ मोकळा पाहिजे. तुमचा दक्षिणेचा मुरमाड काठ पागाला एक नंबर. कंबरभर पाण्यात उभं राहून फेकला, गोल पडला, शिसं तळाला बसलं की खाली असेल ते आपलं. पण पाणी छातीच्या वर गेलं की शिसं टेकायच्या आत मासा बाजूनं निघून जातो. बेशरमीत तर टाकूच नका. एक फांदी अडकली की पाग तंबूसारखा उभा राहतो, खालनं सगळं पळतं आणि सोडवताना जाळं फाटतं ते वेगळंच.

टांगतं जाळं रातभर लावलं की रोहू, मृगळ, शिंगाडा, चिलापी असलं फिरतं मासं येतं. मरळ त्यात फार क्वचित. मरळ गवतात दबा धरून बसणारा मासा, तो हिंडत नाही, म्हणून त्याला आम्ही गळच लावतो. वाम चिखलात नाहीतर दगडाच्या सापटीत. म्हणजे टांगत्या जाळ्यावर यादी केली तर मरळ आणि वाम तुमच्या तलावात नाहीतच असं कागदावर येईल, आणि लोक तर दर आठवड्याला बाजारात मरळ विकत असतील.

ओढजाळं बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं असलं की चिरीमिरी सगळी येते. पण एक गोष्ट आधीच सांगतो. बारीक आसाचं ओढजाळं म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढं वडाप जाळं येतं. त्यानं बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं खरवडून नेली जातात, म्हणून उजनीपासून सगळीकडं त्यावरून भांडणं झालेली आहेत. तुम्ही चार पोरं घेऊन तसलं जाळं काठावर उघडलं तर कुणीही अंगावर येईल, आणि त्यात त्याची चूक नाही. तलाव ठेक्यानं असेल तर मच्छीमार संस्थेच्या चेअरमनला आधी भेटा, काय करणार ते दाखवा, जमलं तर त्यांचाच एक माणूस बरोबर घ्या.

कडेगावकर

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही असाच पाझर तलाव आहे.

खवलचोर

उत्तम धागा. भोईदादांनी मूळ मुद्द्याला हात घातला आहे, मी त्याला थोडी शास्त्राची जोड देतो. गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करतो, सध्या मुक्काम सांगलीत.

येरळाकाठ ताई, 'एकच जाळं कुठलं' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. तुमच्या वर्णनातच चार वेगळ्या जागा आहेत: उघडा काठ, पाण्याखालच्या वनस्पतींचा थर, उभं पाणकणीस-बेशरम आणि बुडालेल्या बाभळी. उथळ तलावात मासे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, या जागांप्रमाणे वाटून राहतात. लहान मासा आडोशाला असतो, कारण उघड्यावर त्याला बगळाही खातो आणि मरळही. जे जाळं फक्त उघड्यावर चालतं ते तुम्हाला तलावाची नव्हे, उघड्या काठाची यादी देतं.

आता एकेका जाळ्याकडे येऊ.

कल्ल्यात अडकवणारं टांगतं जाळं. मासा आसात डोकं घालतो, कल्ल्यामागे धागा बसतो, पुढेही जाता येत नाही आणि मागेही. त्यामुळे एका आसाला एकच लांबी नीट बसते. त्या लांबीपेक्षा साधारण २० टक्के लहान किंवा मोठा मासा झाला की पकड झपाट्याने घसरते. यावर युरोपात उपाय काढला तो असा: ३० मीटर लांब आणि दीड मीटर उंच जाळं, त्यात अडीच-अडीच मीटरचे बारा तुकडे, आस ५ मिलिमीटरपासून ५५ मिलिमीटरपर्यंत, प्रत्येक आस आधीच्याच्या साधारण सव्वापट. तुकडे लहान-मोठे असे क्रमाने लावत नाहीत, मुद्दाम उलटसुलट शिवतात. संध्याकाळी लावून सकाळी काढायचं. तिकडच्या सरोवरांसाठी ही ठरलेली मानक पद्धत आहे आणि खोल पाण्यात ती चांगली चालते.

आपल्या उथळ तलावात तिच्या अडचणी आहेत. पाणीच दीड मीटरपेक्षा कमी, म्हणजे जाळं तळाला लोळतं आणि शेवाळानं भरतं. भरलेलं जाळं माशाला दिसतं. शिवाय हे जाळं थांबून राहणारं आहे, मासा चालून आला तरच सापडतो. उन्हाळ्यात पाणी तापलं, मासा जास्त हिंडला, की आकडा वाढतो. मासे वाढलेले नसतात, त्यांची वर्दळ वाढलेली असते. आणखी एक, शिंगाड्यासारखे काटेवाले मासे आस लहान असो की मोठी, काट्यानेच गुंततात. त्यामुळे यादीत ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात आणि गुळगुळीत अंगाची वाम जवळजवळ गायब. आणि यात सापडलेला मासा बहुतेकदा मरतो. दरवर्षी नोंद करायची, तीही लहान तलावात, तर हा खर्च तलावाला पेलणारा आहे का ते पाहा.

काठावरून ओढायचं जाळं. यात मासा येण्याची वाट बघायची नसते, आपण जागा वेढतो. त्यामुळे किती चौरस मीटरमधून किती मासे, हे सांगता येतं. १० ते १५ मीटर लांब, दीड-दोन मीटर उंच, मधोमध पोतं शिवलेलं, आस ५-६ मिलिमीटर. एक काठी काठाशी रोवून धरायची, दुसरा माणूस जाळं पाण्यात ताणत पाव वर्तुळ फिरून काठाला येतो. दोन काठ्यांमध्ये ८ मीटरची दोरी बांधून ठेवलीत तर त्रिज्या बदलत नाही आणि प्रत्येक ओढीत सुमारे ५० चौरस मीटर जागा वेढली जाते. मुरमाड काठावर याच्यासारखं दुसरं जाळं नाही. पण वनस्पती आल्या की खालची शिशाची दोरी त्यांच्यावर चढते, जाळं गुंडाळत जातं आणि मासे खालून सुटतात. कटल्यासारखा चपळ मासा वरच्या दोरीवरून उडी मारतो तो आणखी वेगळा.

चिलापीचं खास सांगायला हवं. मोझांबिक चिलापी भारतात आणली १९५२ मध्ये, आणि आता ती आपल्या पठारावरच्या तलावांत घरच्यासारखी झाली आहे. नर उथळ पाण्यात तळाला परातीसारखे खड्डे करतो. जाळं जवळ आलं की मासा त्या खड्ड्यात किंवा चिखलात दबतो आणि शिशाची दोरी त्याच्या पाठीवरून निघून जाते. तुमचा प्रश्नच चिलापीचा आहे, त्यामुळे फक्त ओढजाळ्यावर विसंबलात तर नेमका मुख्य आरोपी कमी मोजला जाईल.

सापळाजाळं. तारेच्या किंवा प्लास्टिकच्या गोल कड्यांवर ताणलेली जाळ्याची नळी, आत एकामागे एक नरसाळी, आणि तोंडापासून काठाकडे जाणारी जाळ्याची उभी भिंत. काठाकाठाने जाणारा मासा भिंतीला अडतो, वळतो आणि आत शिरतो. तुमच्या पाणकणसात आणि बाभळींच्या खोडांत हेच चालेल, कारण ते ओढायचं नसतं, फक्त ठेवायचं असतं. रात्री हिंडणारे मासे, शिंगाडा, वाम, खोडाआड राहणारे यात सापडतात, आणि जिवंत सापडतात. उणीव ही की जागा किती चौरस मीटरची ते सांगता येत नाही. 'एक सापळा, एक रात्र' हेच माप.

यावरून माझं मत: एका महागड्या जाळ्याऐवजी एक ओढजाळं आणि काही लहान सापळे. दोन्ही सांगलीत किंवा पुण्यात शिवून मिळतात, ओळखीच्या जाळेवाल्याकडून गावातही होतील. टांगतं जाळं कमीत कमी.

पाणपक्षी

टांगत्या जाळ्याबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे.

खटाव-माणचे तलाव म्हणजे मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हा सगळा पट्टा पाणपक्ष्यांचा आहे. मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात या पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे थवे उतरतात, बदकं येतात, टिबुकली आणि पाणकावळे तर वर्षभर असतात. यातले बरेच बुडी मारणारे पक्षी. नायलॉनचा बारीक एकेरी धागा त्यांना पाण्याखाली दिसत नाही. उथळ तलावात जाळं तळापासून पृष्ठभागापर्यंत भिंतीसारखं उभं राहतं, त्यांना वरून-खालून वाट उरत नाही. गुंतलेली टिबुकली पाण्याखाली थोड्याच वेळात मरते. मी एकदा सकाळी काठावर पडलेलं जाळं पाहिलं होतं, त्यात वारकरी पंख पसरलेल्या अवस्थेत गुंतलेले होते. डोक्यावरचा पांढरा ठिपका तेवढा स्वच्छ दिसत होता, बाकी सगळं शेवाळाने माखलेलं.

म्हणून माझी विनंती: टांगतं जाळं लावायचंच असेल तर रातभर सोडून घरी जाऊ नका. दिवसा, तास-दोन तास, आणि माणूस सतत काठावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तर नकोच.

दुसरं, सापळ्यांबद्दल. आपल्या तलावांत मऊ पाठीची पाणकासवं आहेत, वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. कासव सापळ्यात शिरलं आणि सापळा पूर्ण बुडालेला असला तर श्वासावाचून मरतं. सापळ्याच्या शेवटच्या कप्प्यात बूच लावलेली रिकामी बाटली बांधा, म्हणजे तेवढा भाग पाण्यावर राहील आणि कासवाला नाक वर काढता येईल. राखीव क्षेत्राच्या हद्दीत काहीही करण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हवी, हे वेगळं सांगायला नको.

येरळाकाठ

पाणपक्षी, बाटलीची सूचना फार मोलाची. टांगतं जाळं मी यादीतून काढतेय.

खवलचोर सर, दोन शंका. एक, बाजारात जाळं मागायला गेले तर आस कशी सांगायची? दुकानदार 'दोन बोटी, तीन बोटी' म्हणतो, तुमचे आकडे मिलिमीटरमध्ये. दुसरी, हायड्रिलाचा थर राहिलाच की. तिथे ओढजाळं गुंडाळतं आणि सापळा ठेवला तर तो भाजीत बुडून जातो. आणि माझा अंदाज आहे की सगळ्यात जास्त बारीक मासा तिथेच आहे.

माणकाठचा भोई

आसाचं मी सांगतो. इथं माणूस माणसागणिक माप बदलतं. कोणी आस ताणून दोन टोकांच्या गाठींमधलं अंतर सांगतो, कोणी एका गाठीपासनं शेजारच्या गाठीपर्यंतची एक बाजू सांगतो. ताणून मोजलं की बरोबर दुप्पट येतं. म्हणजे मी २० म्हणालो आणि तुम्ही २० म्हणालात तरी जाळी दोन निराळी. दुकानात पट्टी घेऊन जा, ओल्या जाळ्याच्या सलग दहा बाजू मोजा आणि दहानं भागा. एकच आस मोजू नका, गाठ सरकलेली असती. आणि वहीत 'ताणून' की 'गाठ ते गाठ' हे लिहाच, नाहीतर पाच वर्षांनी दुसरा माणूस जाळं शिवून आणील आणि सगळा हिशेब फिरेल.

मासा धरला की हात ओला करून धरा. कोरड्या हातानं अंगावरची बुळबुळ निघती, मग सोडलेला मासा नंतर मरतो. शिंगाड्याला बाजूच्या काट्यांजवळ धरू नका. लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवा, कळ उतरती.

खवलचोर

दादांचा 'ताणून की गाठ ते गाठ' हा मुद्दा प्रत्येक सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर असायला हवा. मी वर दिलेले सगळे आकडे गाठ ते गाठ आहेत.

हायड्रिलाच्या थरासाठी जाळं नाही, चौकट वापरा. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स दलदलीत लहान मासे मोजायला ती पद्धत दशकानुदशकं चालू आहे, आणि आपल्याकडे ती कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून होईल. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच चौकट. वर-खाली उघडी, चारी बाजूंना मच्छरदाणीसारखी बारीक घट्ट जाळी. दोघांनी धरायची, हळूच जवळ जायचं आणि काही पावलांवरून एकदम फेकायची. वजनामुळे ती वनस्पती कापत तळाला बसते. आत सापडलं ते सगळं त्या १ चौरस मीटरचं.

मग खरं काम. चौकटीच्या आतली भाजी मुळासकट उपटायची, प्रत्येक जुडी पांढऱ्या टबात झटकायची, कारण बारीक मासे पानांत चिकटून येतात. त्यानंतर चौकटीच्या रुंदीची हातजाळी तळ घासत ओढायची, पुन्हा पुन्हा, लागोपाठ तीन वेळा रिकामी येईपर्यंत. गाळ नीट खरवडायचा. खरपा गाळात पोट टेकून बसतो आणि पहिल्या काही ओढींत येतच नाही. विद्यार्थ्यांना हे काम फार आवडतं. काचेसारखा आरपार दिसणारा चांदा नामा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला पेथिया टिक्टो, झिंगे, पाणकिडे असं सगळं त्या टबात एकदम समोर येतं. मोठा मासा यात सापडत नाही, तो सावलीनेच पळतो. पाणी चौकटीच्या उंचीपेक्षा कमी हवं, म्हणजे मांडीपर्यंत.

क्रमही महत्त्वाचा. संध्याकाळी सापळे ठेवा. पहाटे ते उचला आणि उशीर करू नका. दाट वनस्पतींच्या पाण्यात रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे तो सगळ्यात कमी असतो तो उजाडण्याच्या सुमाराला. मोकळा मासा तेव्हा वर येऊन श्वास घेतो, सापळ्यातला घेऊ शकत नाही. बाटलीमुळे कासवाची सोय होते तशी थोडी माशांचीही होते. सापळ्यात मरळ शिरली असेल तर बाकीचे काही मासे तिच्या पोटात गेलेले असतील, म्हणून शेजारी सापळे जास्त ठेवा आणि मरळ सापडलेल्या सापळ्यावर तशी खूण करा. त्यानंतर चौकटी फेका. ओढजाळं शेवटी, कारण ते तळ ढवळून काढतं आणि आजूबाजूचे मासे बिथरतात. आधी ओढलंत तर पुढच्या सगळ्या नोंदींवर त्याची सावली पडते.

ओढजाळं किती मासे सोडतं हेही तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. एखादा कोपरा दुसऱ्या बारीक जाळ्याने पूर्ण बंद करा. पकडलेल्या माशांच्या शेपटीचं टोक किंचित कापून खूण करा आणि आत सोडा. थोडा वेळ जाऊ द्या, मग नेहमीसारखं ओढा. समजा ५० सोडले आणि ३० परत आले, तर तुमची पकड ६० टक्के. हेच मुरमाड काठावर एकदा, विरळ वनस्पतींत एकदा, आणि चिलापीसाठी वेगळं करा. मग 'इकडे जास्त, तिकडे कमी' म्हणताना ते माशांमुळे आहे की जाळ्यामुळे, याला काही आधार राहतो.

कडेगावकर

एक शंका. ओढजाळ्याचे मासे, सापळ्याचे मासे आणि चौकटीचे मासे यांची शेवटी बेरीज करायची का? तलावात एकूण चिलापी किती टक्के हे काढायचं असेल तर?

खवलचोर

बेरीज नको. ओढजाळ्याचा आकडा दर १०० चौरस मीटरला, चौकटीचा दर चौरस मीटरला, सापळ्याचा दर सापळा-रात्रीला. ही मापं वेगळी आहेत, त्यांची बेरीज केली तर येणारा आकडा कशाचाच नसतो. प्रजातींची यादी मात्र तिन्हींतून एकत्र करता येते, प्रत्येक नावापुढे ते कशात सापडलं हे लिहून. चिलापीचं प्रमाण प्रत्येक जाळ्याचं स्वतंत्र मांडा आणि यंदाच्या सापळ्याची तुलना पुढच्या वर्षीच्या सापळ्याशीच करा. लांब्यांचे आलेखही तसेच, प्रत्येक साधनाचा वेगळा. ते शेजारी ठेवलेत की कुठलं जाळं कुठल्या आकाराला आंधळं आहे ते लगेच दिसतं.

पण आपल्या दुष्काळी पट्ट्यात याहून मोठी गफलत पाण्याच्या पातळीमुळे होते. एव्हरग्लेड्समध्येही पाणी वर-खाली होतं, पण आमचे तलाव मार्च-एप्रिलमध्ये अक्षरशः आटत जातात. पाण्याचं क्षेत्र निम्मं झालं आणि मासा एकही वाढला नाही, तरी त्याच जाळ्यात दुप्पट मासे येतात, कारण ते उरलेल्या पाण्यात एकवटतात. कागदावर वाटतं तलाव भरभराटीला आला. म्हणून प्रत्येक वेळी पाण्याची पातळी नोंदवा. भिंतीवर पाटबंधारे खात्याची पट्टी असेल तर ती, नसेल तर सांडव्याच्या काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. आणि दरवर्षी साधारण तीच पातळी असताना काम करा, कॅलेंडरची तारीख धरून बसू नका. उपशाचं पाणी सुटलं की भर उन्हाळ्यात पातळी चढते, मग 'एप्रिल' या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सुचवतो. नोंदवहीत शास्त्रीय नावाच्या आधी मच्छीमारांनी सांगितलेलं नाव लिहा. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली ती इथल्या मासेमारांकडची नावं विचारून, आणि त्यातली बरीच त्याने शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर आणि वाईच्या माशांवर मत्स्यशास्त्रज्ञ सायलसने १९५३ मध्ये लिहिलं. पण ते घाटमाथ्याचं वाहतं पाणी. खटाव, माण, आटपाडी, जतचे साठवणीचे तलाव हा अगदी वेगळा संसार आहे, आणि तो आता डोळ्यांदेखत बदलतोय. त्यामुळे तुमची वही चार जाळ्यांच्या तुलनेपुरती राहणार नाही, कृष्णेचं पाणी येण्याच्या सुरुवातीच्या काळात या तलावांत काय होतं त्याची ती साक्ष ठरेल. ती नीट व्हावी असं मला फार वाटतं.

पाणपक्षी

पातळीच्या मुद्द्याला अनुमोदन. पक्षीगणनेतही हेच होतं. तलाव आटला की चित्रबलाक उरलेल्या डबक्यावर गोळा होतात आणि गणना एकदम फुगते.

चौकटीची पद्धत वापरताना एक पथ्य पाळा. जून ते सप्टेंबर पाणकणसाच्या आसपास टिबुकली आणि जांभळी पाणकोंबडी घरटी करतात. तेव्हा त्या भागात पाय घालू नका, दुर्बिणीने पाहून घरटी असलेला भाग आधीच वगळा.

येरळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता जे ठरलंय ते लिहिते, चुकत असेल तर थांबवा.

तलावाचा हाती काढलेला नकाशा करून त्याचे चार भाग पाडणार. उघड्या काठावर ८ मीटरच्या दोरीचं ओढजाळं, हायड्रिलात १ मीटरची चौकट, पाणकणीस आणि बाभळींत सापळे. शिवाय मुरमाड काठावर ओढजाळ्याशेजारी पागही टाकून बघू, दरवेळी एकाच माणसाकडून, कारण पाग किती गोल पडतो हे हातावर आहे. २ मीटर त्रिज्येचा पूर्ण उघडलेला पाग साधारण साडेबारा चौरस मीटर झाकतो, तेव्हा त्याचाही हिशेब क्षेत्रफळात मांडता येईल. ओढजाळं न परवडणाऱ्या शाळांना नुसत्या पागावर काय कळू शकेल, याचं उत्तर त्यातून मिळावं अशी आशा आहे. पातळी सांडव्यापासून मोजणार. कटला, रोहू, मृगळची बोटुकली जाळ्यात आली तर मोजून लगेच परत सोडणार, म्हणजे संस्थेचं नुकसान नाही. चिलापीची लांबी मोजून ती मात्र संस्थेच्या लोकांच्या हवाली.

भोईदादा, चेअरमन साहेबांना काल भेटले. त्यांनी बरोबर माणूस द्यायचं कबूल केलंय, आणि स्वतःही येतो म्हणाले. आणखी काही राहिलं का?

माणकाठचा भोई

एक राहिलं मॅडम, आणि तेच पहिलं करा. तलावाच्या कडंनं शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी असत्यात. केबल पाण्यातनं आलेली, जोड कुठं चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेले. पोरं पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मोटारवाल्याला भेटा आणि तुमचं काम चालू असेपर्यंत पेटीतनं फ्यूज काढून त्यांच्याच हातात ठेवायला सांगा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, लाइट येण्याच्या टायमाला कोणीतरी येऊन चालू करतं. आणि गाळ किती आहे ते आधी काठीनं बघून घ्या. पोरं एकटी आत नकोत, दोघा-दोघांची जोडी लावा.

पाग टाकायला मी येतो. अमावस्येच्या आसपासचा दिवस धरा. चांदण्यात सापळा माशाला दिसतो.

खवलचोर

अमावस्या धरली तर दरवर्षी अमावस्याच धरा, आणि ते वहीत लिहा. मी चौकट घेऊन येतो, माझ्याकडे एक जुनी पडून आहे.